ठिपके

नारायण पेठेत, छापखान्याच्या वरच्या खोलीत
तिसरी रात्र मी तिचं हस्तलिखित तपासते आहे.
कौसल्या धिवार, वय एकसष्ट,
ससूनमध्ये तीस वर्षं आया.
पहिली कादंबरी. तीनशे बारा पानं,
सगळी पाठकोऱ्या केसपेपरांवर,
उजेडात धरलं की पलीकडून कुणाचा तरी ताप दिसतो.

प्रकाशक म्हणाले, "जरा शुद्ध करून द्या.
निवेदन तरी प्रमाण भाषेत असू दे."
मी शुद्ध करून देते. पानाला चाळीस रुपये.
माझ्या स्वतःच्या चार कादंबऱ्यांनी
मला एवढं कधी दिलं नाही,
ते असो.
पाचवी दोन वर्षं नवव्या पानावर बसून आहे,
तेही असो.

लाल पेनाने मी "व्हतं"चं "होतं" केलं,
"आन्"चं "आणि",
"न्हाई"ला उठवून तिथे "नाही"ला बसवलं,
पीएमटीत राखीव जागेची पाटी दाखवून
एखाद्याला उठवावं तसं.
चाळीस पानं हात सरसर चालला.
आणि मनात, खरं सांगायचं तर, बारीकसा आनंद:
हिला वाक्य कुठे संपवायचं कळत नाही.
मला कळतं.

एक्केचाळिसावं पान.
पहाटेचे चार, वॉर्डातला पंखा बंद,
नवऱ्याचा हात धरून बसलेली एक बाई.
हात गार झालाय, तिला अजून माहीत नाही.
आया तिच्यापुढे चहाचा ग्लास धरते, म्हणते,
"वाईच पी. मग सांगते."

मी "वाईच"वर रेघ मारली, वर लिहिलं "थोडा".
थोडा पी. मग सांगते.
वाचून पाहिलं.
चहा तेवढाच राहिला ग्लासात,
पण बाईच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता
तो गेला.

वाईच सरक. वाईच दार लोट.
हे आमचे अण्णा.
भोरहून आम्ही शहरात आलो तेव्हा
शाळेच्या पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले,
"बाई, वाईच थांबा, फळा पुसू नका,"
आणि वर्ग हसला.
बाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त सुधारलं.
घरी येऊन मी अण्णांना सुधारलं.
त्यानंतर माझ्याशी बोलताना
ते तोंड उघडून आधी जरा थांबायचे.
ते थांबणं माझ्या चारही कादंबऱ्यांत आहे.
एका परीक्षणात त्याला संयत शैली म्हटलंय.

प्रुफात एक खूण असते.
खोडलेला शब्द पुन्हा हवा असेल
तर त्याच्याखाली ठिपके द्यायचे.
खाली टाईप करणारा मुनीर ओळखतो: हा राहू द्या.
मी पहिल्या पानावर परत गेले.
"व्हतं"खाली ठिपके. "न्हाई"खाली ठिपके.
बायका आधी ठिपके काढतात, मग रेघा जोडतात;
माझी रांगोळी उलटी.
बाजीराव रस्त्यावर दुधाचे क्रेट उतरेपर्यंत
चाळीस पानं झाली.

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही," प्रकाशक म्हणाले,
आणि तेवढ्या पानांचे पैसे कापले.

प्रकाशनाला साठ खुर्च्या, माणसं एकोणीस,
त्यात सहा वॉर्डबॉय, ड्युटी बदलून आलेले.
लिहिणाऱ्यांपैकी मी एकटी.
इतरांना तरी काय बोलू,
त्यांच्या वेळी माझाही घसा बसलेला असतो.
पाच प्रती घेतल्या. तीन कुणाला द्यायच्या ते ठरलंय,
दोन नुसत्याच.

सहीला रांगेत उभी राहिले.
तिने पेन जपून धरलं होतं, थर्मामीटरसारखं.
"तुमीच पानं बघितली म्हनं. लई चुका व्हत्या का?"

मी तोंड उघडलं, आधी जरा थांबले.
"वाईच," म्हणाले.

ती हसली, खाली बघून सही करू लागली.
मागे हॉलवाला खुर्च्या एकात एक घालत होता,
आणि कुणीतरी विचारत होतं,
उरलेल्या चहाचं काय करायचं.